ओ द्यायची नाही

१

मी लोकांचे कान बंद करून पोट भरतो. हेडफोन विकतो, असं सरळ सांगता येतं, पण आमच्या घरात हे असंच सांगायची पद्धत आहे. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. ती दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि मी दिवसभर लोकांचे कान झाकतो. दोघं घरी आलो की कोणी आधी बोलायचं यावरून आमचं जुंपतं.

दुकान लहानच आहे. कानात घालायचे, कानावर ठेवायचे, मानेत अडकवायचे असे सगळे प्रकार काचेच्या कपाटात, खाली खिशात मावणारे स्पीकर, वायरी, डब्या, आणि कानाच्या फाटलेल्या गाद्या बदलून द्यायला एक वेगळा खण. गिऱ्हाईक आलं की मी आधी बडबड करत नाही. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवतो आणि बटण दाबतो. रस्त्यावरच्या गाड्या, पंखा, मालकांचं फोनवरचं भांडण, सगळं एकदम नाहीसं होतं. बहुतेक जण हसतात. काही जण मात्र चटकन मागे वळून बघतात. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

खारू ही आमची मुलगी, चौथीत आहे. घास गालात साठवून ठेवते म्हणून खारू. शाळेतलं नाव वेगळं आहे, ते शाळेपुरतं. शेजारची रिकामी इमारत पाडायला घेतली तेव्हापासून पोरीचे हाल चालले होते. काँक्रीट फोडायचा ब्रेकर सकाळी सुरू व्हायचा तो उन्हं उतरेपर्यंत, आणि खारूला आवाज मुळीच सोसत नाही. दोन्ही कानांवर उशी दाबून अभ्यासाला बसायची आणि रडकुंडीला येऊन पुस्तक मिटायची. तेवढ्यात दुकानात नवा माल आला. त्यात एक पिवळ्या पट्टीचं, मुलांच्या मापाचं मॉडेल होतं. ते बाहेरचे सगळे आवाज अडवायचं, पण कुठल्याही एका माणसाचा आवाज तेवढा आत सोडायचं. कंपनीने त्या सोयीला 'आपलं माणूस' असं नाव दिलं होतं. मी म्हटलं, हे आपल्याच घरासाठी केलंय. पोरगी शांत बसेल आणि हाक मारली तर ऐकूही येईल.

माणूस ओळखायला शिकवणं सोपं होतं. बटण दाबून धरायचं आणि रोज मारतो तशी हाक मारत राहायचं. मी स्वयंपाकघरात उभा राहून 'खारू, ए खारू' करत सुटलो. खारू सवयीने ओ द्यायला तोंड उघडायची आणि मी हातानेच तिला गप्प करायचो, कारण मध्ये दुसरा आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. इतक्या हाका मारून एकाही हाकेला ओ मिळू नये, हे जरा चमत्कारिक वाटलं. घसा कोरडा पडत आला तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

"झालं," मी म्हटलं, "आता मी सोडून कोणी तुला त्रास देणार नाही."

"म्हणजे त्रास आहेच," बायको आतून म्हणाली.

२

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. बाहेर भिंती कोसळत होत्या आणि खारू खिडकीखाली मांडी घालून गणितं सोडवत होती. मी मोरीतून हाक मारली तरी तिला स्वच्छ ऐकू जायची. 'ओ' म्हणून ती मान वर करायची तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

एका सुट्टीच्या दिवशी मी आणि बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. आमचं काही बोलणं चाललेलं नव्हतं. बाहेरच्या खोलीतून खारूचा आवाज आला.

"ओ."

मग जरा थांबून, "आले हं. एवढं एक गणित झालं की येते. तुम्ही थांबा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही बोललो नाही म्हणून. आम्ही बाहेर गेलो तर खारू एकटीच होती, कानांवर हेडफोन आणि हातात पेन्सिल. कोणाशी बोलत होतीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाबा बोलावत होते.

आता आमच्याकडे बापाला 'अहो' करायची पद्धत नाही. खारू मला पहिल्यापासून 'बाबा, तू' म्हणते. बाबा येतो, बाबा जातो, बाबा घोरतो. 'बाबा बोलावत होते' हे ऐकून बायकोला हसूच आलं. शाळेत शिस्त लावतायत वाटतं, म्हणाली, तुझं एकदम प्रमोशन झालं. मीही कॉलर ताठ करून दाखवली. खारू मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती, आणि तिथून कोणी येत नाही असं दिसल्यावर पुन्हा गणिताकडे वळली.

मी मनात म्हटलं, मागे कधी मारलेली हाक यंत्रात अडकून राहिली असेल, ती वाजली असेल. मी हीच वस्तू विकतो, त्यामुळे कारण सापडायला मला वेळ लागला नाही.

३

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी जेवायला घरी येतो. त्या दिवशी जिना चढत होतो आणि वरून खारू उतरत होती. हेडफोन कानावर, चपला उलटसुलट घातलेल्या. मला बघून ती पायरीवरच थबकली.

"तू वर येतोयस?"

"मग काय गच्चीवरून उतरू?"

तिने कठड्यावरून वाकून खाली बघितलं. "मग खाली कोण बोलावतंय?"

मीही वाकलो. आमचा जिना वळणावळणाचा आहे, खालचं फारसं दिसत नाही. सायकलींची चाकं दिसली आणि दाराखालून आलेला उजेडाचा पट्टा दिसला. ब्रेकर बंद होता, कामगारही जेवायला बसलेले असणार, म्हणून जिन्यात अगदी सामसूम होती. मी तिला म्हटलं, आवाज घुमतो गं जिन्यात. ती बरं म्हणाली. पण मी चढताना तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, आणि ते मला घास घेताना आठवलं. घास तसाच तोंडात फिरत राहिला.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी आलो तर ती घरात नव्हती. दार सताड उघडं, वही तशीच पडलेली. मी खाली धावलो तर पाडकामावरचा वॉचमन तिला हाताला धरून घेऊन येत होता. मोठा माणूस, धुळीने पांढरा झालेला आणि माझ्यावर भडकलेला. पोरगी पाडकामाभोवतीच्या पत्र्यांच्या कुंपणाआत शिरली होती. त्या इमारतीचा जिना अर्धाच उरला आहे, चार-सहा पायऱ्यांनंतर नुसती हवा. खारू त्याच्या तळाशी उभी राहून वर बघत होती.

मी त्याचे आभार मानायला लागलो तर त्याने मला मधेच तोडलं.

"आभार राहू द्या. तुम्ही तिला वर कशाला बोलवत होता, ते सांगा."

"मी?"

"मी ऐकलं ना. वरून हाका मारत होतात. मला वाटलं बाप आहे, सामान काढायला आला असेल." त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मग पाठीमागच्या रस्त्याकडे, जिकडून मी धावत आलो होतो. "तुमचाच आवाज होता," तो म्हणाला, पण आता जरा हळू.

मी खारूला उचलून घेतलं. आता ती उचलण्याएवढी लहान नाही, तरी घेतलं. घरात शिरेपर्यंत खाली ठेवलं नाही.

४

हेडफोन मी दुकानात नेले. मागच्या गोदामात गेलो, दार लावलं आणि उभ्याउभ्याच कानावर चढवले. लहान मापाचे असल्यामुळे कानशिलं आवळली गेली. चारी बाजूंना छतापर्यंत रिकामी खोकी होती. पाठीमागेही खोकीच, त्यांच्यामागे भिंत. बटण दाबलं आणि सगळं थांबलं.

ही शांतता मी दिवसातून कितीतरी वेळा लोकांच्या डोक्यावर ठेवतो, पण स्वतः तिच्यात फारसा थांबलेलो नाही. आधी माझा श्वास ऐकू आला, मग गिळलेला आवंढा. मी स्वतःला दटावत होतो की वॉचमनचे कान ब्रेकरने गेलेले आहेत, त्याच्या ऐकण्यावर काय जायचं.

"खारू."

लांबून आली हाक. पाठीमागून. खोकी होती तिथून, पण खोक्यांच्या पुष्कळ पलीकडून.

टेप केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हा परका वाटला नाही. बोलताना आपण आपल्याला जसे आतून ऐकू येतो, तसाच तो मला ऐकू आला. माझ्या घशात काही हललं का म्हणून मी गळ्याला हात लावून बघितला.

हाक मारून तो थांबला. नुसता थांबला नाही, ओ येते का म्हणून श्वास रोखून थांबला. हाक मारली की मीही तसाच थांबतो. बायको त्यावरून मला चिडवते. तो रोखलेला श्वास मला ऐकू येत होता, आणि मी हललो तर त्यालाही कळेल असं वाटून मी हलत नव्हतो.

"ए खारू." आता जवळून.

माझ्या तोंडातून ओ निघता निघता राहिली. हेडफोन ओरबाडून काढले तेव्हा कानाला ओरखडा उठला. गोदामात पंख्याची घरघर होती, बाहेर मालक कोणाला तरी वायर दाखवत होते.

आमच्या दुकानात दुरुस्तीला बसतो त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याला मी एवढंच सांगितलं की यात जुनी हाक वाजते. त्याने उघडून, तपासून, सगळं पुसून टाकलं. म्हणाला, यात हाक साठवायची सोयच नाही, हे आवाज ओळखतं, वाजवत नाही. तुझेच कान तपासून घे. मग माझा चेहरा बघून त्याने बॅटरीही काढली आणि हेडफोनचे दोन तुकडे खणात टाकले. "जा, आता मेलं ते," म्हणाला. मला खरंच हायसं वाटलं. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

५

घरी खारू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. कानांवर काही नव्हतं. मी दारातच चपला काढत होतो, तिला मी आल्याचं कळलं नव्हतं.

"आज नाही," ती हळूच म्हणाली. "आई ओरडेल. तुम्हाला नाही ओरडणार, मला ओरडेल."

रंग भरताना हात थांबला नव्हता. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. घाबरवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मीही एक खडू घेतला.

"कोणाशी बोलतेस?"

"त्यांच्याशी."

"कोण ते?"

"तुझ्या आवाजाचे आहेत ना, ते."

"माझ्या आवाजाचा म्हणजे मीच असेन की."

"छे." तिला माझी कीव आली असावी. "तुला मी तू म्हणते. त्यांना तुम्ही म्हणते. ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला तुम्ही म्हणायचं, तूच सांगितलंस."

"मग ओळख नसलेल्या माणसाला ओ कशाला देतेस?"

"हाक मारली की ओ द्यायची असते." तिने निळा खडू ठेवून काळा घेतला. "ते खूप वेळ हाका मारत होते. त्यांना कोणीच ओ दिली नाही, असं म्हणतात. मला वाईट वाटलं."

"आणि आता?"

"आता होतेय थोडी थोडी ओळख."

मी खडू खाली ठेवला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवला आणि तिला एक नियम घालून दिला. दिसेल तो बाबा. नुसता ऐकू येईल तो बाबा नाही. नुसत्या आवाजाला ओ द्यायची नाही, त्याच्यासाठी दार उघडायचं नाही, त्याच्या मागे जायचं नाही. माझा आवाज आला तरी आधी बघायचं, आणि मी डोळ्यांना दिसलो तरच यायचं.

तिने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. दिसेल तो बाबा, नुसता ऐकू येईल तो नाही. दोनदा म्हणून दाखवलं, न चुकता. मला वाटलं, वाट बंद केली. आवाजाला अंग कुठून येणार?

६

त्या दिवसापासून मी हाक मारणं सोडून दिलं. गोंधळ नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मला खारूशी बोलायचं असलं की मी उठून ती असेल त्या खोलीत जायचो, तिच्या समोर उभा राहायचो आणि मग तोंड उघडायचो. सांगायला सोपं आहे. घरात शिरल्याबरोबर पोरीच्या नावाने ओरडायची सवय वर्षानुवर्षांची. ते नाव गिळून टाकताना मला रोज रडू फुटायचं, आणि ते मी बायकोला सांगितलंही. ती म्हणाली, मलाही चुकल्यासारखं होतं, घर कोणाचं तरी दुसऱ्याचं वाटतं.

बायको तोपर्यंत अर्धवटच मानत होती. पोरगी एकटी पडते म्हणून मनाने काहीतरी रचते, वॉचमनने त्यात भर घातली, आणि तू मुळातच भित्रा आहेस, असं तिचं म्हणणं. शाळा सुटली की खारूने समोरच्या काकूंकडे बसायचं, आमच्यापैकी कोणी येईपर्यंत, एवढी सोय मात्र तिने लगेच केली. काकू एकट्या राहतात, कान तल्लख, आणि खारूवर त्यांचा जीव.

मग एकदा संध्याकाळी बायको भांडी विसळत होती आणि मी तिच्या शेजारी उभा राहून पुसत होतो. खारू आमच्या पायाशी बसून डब्याची झाकणं लावत होती. नळाचं पाणी वाहत होतं. बायकोने नळ बंद केला आणि वैतागून म्हणाली, "अरे, इथे तर बसलीय, हाक कसली मारतोस?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या हातात ताटली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, कपड्यांच्या कपाटाच्या बाजूने, मी पुन्हा हाक मारली.

खारूने मान वर केली. ओ दिली नाही. शहाण्यासारखी माझ्याकडे बघून हसली आणि बोटाने मला दाखवलं, हा दिसतोय, हा बाबा. आतला तो थांबला होता, मला ते ओळखता येत होतं. बायकोने माझा दंड धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

आतल्या खोलीत मी गेलो. जावंच लागलं. कपाट बंद होतं, खिडकी बंद होती. पलंगावर कोणी बसून उठल्यावर चादर दबते तशी एका ठिकाणी दबलेली होती, पण दुपारी मीच तिथे पडलो असेन.

तेव्हाच ठरलं की इथे राहायचं नाही. खारूच्या मावशीकडे जायचं, पुढचं पुढे. बायकोने दुसऱ्या दिवसासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, मीही मालकांना फोन केला. दोन बॅगा भरून दाराशी ठेवल्या. खारूने तिची चित्रांची वही वर ठेवली आणि विचारलं, तेही येणार का? बायकोने तिला जवळ घेऊन सांगितलं की आपण तिघंच जाणार. खारूने आतल्या खोलीकडे बघितलं. त्यांना हे सांगायचं कोणी, असा काहीसा तिचा चेहरा होता.

७

दुपारी दुकानातून मी लवकर निघालो. बायको दवाखान्यातून परस्पर येणार होती. ब्रेकर त्या दिवशी बंद होता. उरलेला जिनाही त्यांनी पाडला होता, पत्र्यांमागे आता नुसता ढिगारा होता. मला ते बघून बरंच वाटलं. जिना दोनदोन पायऱ्यांनी चढलो आणि काकूंची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काय विसरलात?" त्यांनी विचारलं.

खारूला न्यायला आलो, असं मी म्हटलं. त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"अहो, आत्ता तर घेऊन गेलात. तुम्ही बाहेरून हाक मारलीत, ती काही लगेच उठली नाही. म्हणाली, काकू, मी आधी बघून येते, बाबाच आहे का ते. दारातून डोकावली आणि म्हणाली, हो, बाबाच आहे. मग दप्तर उचलून गेली." त्या जरा घुटमळल्या. "मी आत होते. मी नाही बघितलं."

आमचं दार समोरच आहे. मी किल्ली लावली. किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. खालची कडी आतून लावलेली होती. मी दार वाजवलं. आत पावलं थांबली, लहान पावलं, खारूची. दाराला बाहेर बघायचं भोक नाही. बसवून घेऊ, बसवून घेऊ करत राहून गेलं.

"खारू," मी म्हटलं. ते नाव इतक्या दिवसांनी तोंडातून निघालं आणि माझा आवाज चिरकला.

आतली पावलं दारापर्यंत आली.

"खारू, मी आहे. दार उघड."

"नाही उघडणार," दाराच्या अगदी जवळून ती म्हणाली. घाबरलेली नव्हती. पत्ता चुकून आलेल्या माणसाशी बोलावं तसं ती समजुतीने बोलत होती. "तुम्ही दिसत नाही आहात."

"दार लावलंय म्हणून दिसत नाही गं. उघडलंस की दिसेन. मी बाबा."

"बाबा इथे आहे," ती म्हणाली. "मी बघितला. नीट बघितला, मग आले."

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी दाराला कान लावला. आत एक बॅग सरकवल्याचा आवाज झाला, जड बॅग, खारूला न सरकणारी. तिला पटेल असं जे जे माझ्याजवळ होतं ते सगळं माझ्या आवाजातच होतं, आणि आवाजावर विश्वास ठेवायचा नाही हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

"खारू, मला तू म्हण," मी म्हटलं. मी रडत होतो. "एकदा तू म्हण ना मला. बाबा, तू, असं म्हण."

मी तळहात दारावर टेकून उभा होतो.

"तुम्हाला कसं म्हणू?" ती म्हणाली. "आपली ओळख नाही ना." आणि मग ती दारापासून आत वळली असावी, कारण आवाज लहान झाला. "बाबा, तू वरची कडी लाव ना. माझा हात नाही पोचत."

आमच्या वरच्या कडीला एक खोड आहे. दार आतून खांद्याने रेटून धरल्याशिवाय ती बसत नाही. माझा तळहात दारावरच होता. आतून, माझ्याच खांद्याच्या उंचीवर, दार रेटलं गेलं, आणि कडी बसली.